लस घेतल्यावरचा अर्धा तास

माझ्या दवाखान्यासमोरच नगरपालिकेचा दवाखाना आहे. तिथे दर बुधवारी लहान मुलांना लस देतात. गेल्या बुधवारी दुपारी एक आजीबाई तणतणत रस्ता ओलांडून माझ्याकडे आल्या. त्यांची सून साडेतीन महिन्यांचे बाळ मांडीवर घेऊन समोरच्या बाकावर बसलेली होती.

"डॉक्टर, इंजेक्शन झालं, पोलिओचे थेंब झाले, तरी सिस्टर सोडत नाही. म्हणते, अर्धा तास बसा. आमची दोनची एस.टी. गेली तर पुढची पाचला. पोर तर ठणठणीत आहे!"

मी म्हणालो, "आजी, पोर ठणठणीत आहे आणि सिस्टरचंही बरोबर आहे. एस.टी. चुकली तर चुकू द्या."

"आमच्या घरात कुणाला कधी रिअॅक्शन आली नाही," असे पुटपुटत त्या परत जाऊन बसल्या. त्यांना मी नीट समजावून सांगायला हवे होते, पण दवाखान्यात गर्दी होती. म्हणून आज या सदरात ते सांगतो.

'रिअॅक्शन' म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे इंजेक्शननंतर काहीही झाले की 'रिअॅक्शन आली' असे म्हणतात. बाळाला रात्री ताप आला, रिअॅक्शन. मांडीला गाठ आली, रिअॅक्शन. शाळेतली मुलगी चक्कर येऊन पडली, तीही रिअॅक्शन. आणि लाखो लोकांत एखाद्याचा जीव खरोखरच धोक्यात येतो, त्यालाही शब्द तोच.

या गोंधळाने दोन प्रकारचे नुकसान होते. साध्या त्रासाला रिअॅक्शन म्हटले की अख्खी वस्ती लशीला घाबरते आणि पोरे लशीवाचून राहतात. उलट, खऱ्या रिअॅक्शनला "चक्कर आली असेल, पाणी पाजा" असे म्हटले की मोलाची मिनिटे हातची जातात. माझ्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या व्यवसायात मी दोन्ही प्रकार पाहिले आहेत. दुसऱ्या प्रकारात तर चूक माझी स्वतःची होती. ती पुढे सांगतोच.

आधी साधे त्रास बाजूला काढू. लशीनंतर एक-दोन दिवस ताप येणे, टोचलेली जागा लाल होणे, दुखणे, मूल किरकिरणे हे अपेक्षितच असते. गोवराच्या लशीनंतर आठ-दहा दिवसांनी थोडा ताप व अंगावर बारीक पुरळ येऊ शकते. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी फोड येतो व त्याचा व्रण राहतो. यांपैकी कशालाही तीव्र अॅलर्जी म्हणत नाहीत.

जिला आम्ही डॉक्टर खरोखर घाबरतो, तिचे नाव अॅनाफिलॅक्सिस. १९०२ साली शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये या फ्रेंच शास्त्रज्ञांनी ती प्रथम नीट वर्णन करून तिला हे नाव दिले. एका समुद्री जीवाचे विष त्यांनी कुत्र्यांना थोड्या प्रमाणात टोचले. विषाची सवय होऊन कुत्र्यांना संरक्षण मिळेल अशी त्यांची अटकळ होती. झाले उलटेच. काही आठवड्यांनी पुन्हा अगदी थोडे विष टोचताच आधी धडधाकट असलेला कुत्रा काही मिनिटांत मेला. शरीर संरक्षण करण्याऐवजी स्वतःवरच उलटले होते. या कामासाठी रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या कातडीत, श्वासनलिकांत आणि आतड्यांच्या अस्तरात मास्ट नावाच्या पेशी असतात. त्यांच्यात हिस्टामिन व इतर रसायनांचा साठा असतो. एखाद्याच्या शरीराचे एखाद्या पदार्थाशी वाकडे असेल, तर तो पदार्थ आत जाताच सगळ्या अंगातील हा साठा एकदम फुटतो. कातडीवर गांधी उठतात. श्वासनलिका आवळतात, घसा आतून सुजतो. रक्तवाहिन्या सैल पडून त्यांतले पाणी बाहेर झिरपते आणि रक्तदाब कोसळतो. गांधीलमाशी चावल्यावर, शेंगदाणे किंवा कोळंबी खाल्ल्यावर, पेनिसिलीन टोचल्यावर जे क्वचित होते, तेच त्याहून क्वचित लशीनंतर होते. बरेचदा त्यामागे लशीतला एखादा जोडपदार्थ असतो. जपानमध्ये १९९०च्या दशकात काही लशींतील जिलेटिनमुळे असे प्रकार घडले, आणि तिथल्या लशींतून जिलेटिन काढल्यावर ते कमी झाले.

व्याख्या कशासाठी?

वाचकांना वाटेल, आजाराची व्याख्या हा पुस्तकी विषय झाला. पण एका देशात चक्कर येण्यालाही अॅनाफिलॅक्सिस म्हटले आणि दुसऱ्या देशात फक्त मृत्यूच मोजले, तर कोणती लस किती सुरक्षित हे कसे कळणार? म्हणून २००० साली एक आंतरराष्ट्रीय गट कामाला लागला. इंग्लंडमधील ब्रायटन या गावाच्या नावाने तो ओळखला जातो. या गटाने २००७ साली लशीनंतरच्या अॅनाफिलॅक्सिसची व्याख्या प्रसिद्ध केली. पुढे तिच्यात सुधारणाही झाल्या. मूळ व्याख्येचा गाभा तीन गोष्टींत सांगता येतो.

पहिली, त्रास अचानक सुरू होतो. दुसरी, तो झपाट्याने वाढत जातो. तिसरी, तो शरीराच्या एकाच भागापुरता राहत नाही, दोन किंवा अधिक ठिकाणी दिसतो.

ही ठिकाणे चार. कातडी, श्वास, रक्ताभिसरण आणि पोट. कातडीवर गांधी, खाज, लाली, ओठ किंवा पापण्यांची सूज. श्वासात धाप, छातीत सूं-सूं आवाज, घोगरा आवाज, घसा आवळल्यासारखे वाटणे, सततचा कोरडा खोकला. रक्ताभिसरणात बारीक व जलद नाडी, रक्तदाब उतरणे, शुद्ध हरपणे. पोटात मुरडा, उलट्या, जुलाब. कातडीसोबत श्वास किंवा रक्ताभिसरणाची ठळक लक्षणे असतील तर खात्री सर्वांत जास्त. लक्षणे जितकी अपुरी तितकी खात्रीची पायरी खाली. नुसत्या गांधी उठल्या आणि बाकी सगळे ठीक असेल, तर ती अॅलर्जी खरी, पण अॅनाफिलॅक्सिस नव्हे. मात्र अशा माणसावर नजर ठेवलीच पाहिजे, कारण सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ही व्याख्या मागाहून कागदावर नोंद तपासण्यासाठी आहे. रोगी समोर गुदमरत असताना सगळी लक्षणे पुरी होण्याची वाट पाहायची नसते. दहांतील एखाद-दुसऱ्या रोग्याच्या अंगावर तर काहीच उठत नाही. लस टोचल्यावर थोड्या वेळात श्वास कोंडू लागला किंवा रक्तदाब कोसळला, तर तेवढ्यावरच उपचार सुरू करायचे असतात.

माझी चूक

हे मी एका शेतमजुराकडून शिकलो. २००३ साल, सोयाबीन काढणीचे दिवस. बावीस-तेवीस वर्षांचा तरुण, नडगीला विळा लागलेला. टाके घालण्याइतकी जखम नव्हती. धुऊन पट्टी बांधली आणि धनुर्वाताचे इंजेक्शन दिले. पुष्कळांना ठाऊक नसते, पण धनुर्वाताचे इंजेक्शन हीसुद्धा लसच आहे. हल्ली त्यात घटसर्पाची लसही मिसळलेली असते.

सात-आठ मिनिटांनी कंपाउंडर म्हणाला, "डॉक्टर, हा खाजवतोय बघा." तळहात लाल, कान लाल, पोटावर दोन-चार गांधी. मी म्हणालो, अॅलर्जी दिसते, अॅव्हिल भर. अॅव्हिल दिले, पाठोपाठ डेक्सा दिले, आणि दुसरा रोगी तपासायला घेतला. तेवढ्यात तो खोकू लागला. आवाज घोगरा झाला. "डॉक्टर, घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटतंय," असे म्हणत तो उठला, दोन पावले चालला, भडाभडा ओकला आणि दारातच कोसळला. नाडी लागेना. रक्तदाब ७०.

तेव्हा कुठे मी कपाट उघडले. अॅड्रेनालिनची कुपी औषधांच्या खोक्यांमागे होती. ती शोधून, फोडून, मांडीत टोचेपर्यंत आणखी दोन मिनिटे गेली. पाच मिनिटांनी त्याने डोळे उघडले. पुन्हा एक डोस दिला, सलाइन लावले, एकाची जीप मागून त्याला सिव्हिलला नेले. दोन दिवसांनी तो घरी आला. आजही बाजारच्या दिवशी भेटला की हात जोडतो, आणि मला ओशाळल्यासारखे होते. कारण मला ठाऊक आहे, माझ्या हातून सहा-सात मिनिटे वाया गेली होती. तो वाचला त्यात त्याच्या नशिबाचाही वाटा होता.

असे का झाले? अॅड्रेनालिनने हृदयावर ताण येईल ही भीती आमच्या मनात बसलेली होती. अॅव्हिल-डेक्साची सवय हातात बसलेली होती. पण अॅव्हिल फक्त खाज व गांधी कमी करते. डेक्साचा परिणाम दिसायला काही तास लागतात. आवळलेला श्वास मोकळा करणे आणि पडलेला रक्तदाब वर आणणे, ही दोन्ही कामे मिनिटांत करणारे औषध एकच, अॅड्रेनालिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूस, स्नायूत द्यायचे. योग्य मात्रेत असे दिल्यास त्याचा धोका उपचार न करण्याच्या धोक्यापुढे काहीच नाही. आज माझ्या टेबलाच्या पहिल्या खणात कुपी, सिरिंज आणि वजनानुसार मात्रेचा तक्ता असतो.

चक्कर कशी ओळखावी?

आता दुसरी बाजू. नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या राज्यात गोवर-रुबेला लशीची मोहीम सुरू झाली. शाळांमधून मुलामुलींना इंजेक्शने दिली गेली. आमच्या इथल्या एका शाळेत आठवीच्या वर्गातली एक मुलगी इंजेक्शन घेऊन उठताना धाडकन पडली. ते पाहून रांगेतल्या आणखी तिघी बसल्या जागी कलंडल्या. एकच आरडाओरडा झाला. कुणी तोंडावर पाणी मारतोय, कुणी कांदा हुंगवतोय. 'शाळेत लशीने पोरी बेशुद्ध' ही बातमी मी पोहोचण्याआधी बाजारपेठेत पोहोचली होती.

मी आणि आरोग्य केंद्राच्या डॉक्टरबाईंनी चौघींना तपासले. चेहरे पांढरे फटक, हातपाय गार, घाम फुटलेला. नाडी मंद, पण श्वास शांत. अंगावर एकही गांधी नाही, आवाज स्वच्छ. आडवे निजवून पाय दप्तरांवर उंच ठेवले, तशा दोन मिनिटांत चौघी बोलू लागल्या. सकाळपासून कुणीच काही खाल्ले नव्हते. ही भीतीने आलेली घेरी होती, लशीची अॅलर्जी नव्हे. तरीही दुसऱ्या दिवशी एका वस्तीवरून एकही मूल शाळेत आले नाही. त्यांची समजूत घालायला शिक्षकांना आणि आशाताईंना पंधरा दिवस घरोघर फिरावे लागले.

घेरी आणि अॅनाफिलॅक्सिस यांतला फरक साधा आहे. घेरी बहुधा सुई टोचताना किंवा लगेचच येते. अॅनाफिलॅक्सिस बहुतेकदा थोडा वेळ घेऊन, पाच ते तीस मिनिटांत सुरू होते. घेरीत कातडी पांढरी व गार, अॅनाफिलॅक्सिसमध्ये बहुधा लाल, खाजरी, सुजलेली. घेरीत नाडी मंद, अॅनाफिलॅक्सिसमध्ये जलद. घेरीत श्वासाला अडथळा नसतो, अॅनाफिलॅक्सिसमध्ये घरघर, धाप, घोगरेपणा असू शकतो. आणि आडवे निजवले की घेरी एक-दोन मिनिटांत उतरते. अॅनाफिलॅक्सिस तशी उतरत नाही, वाढत जाते.

तान्ह्या बाळांबाबत अधिक सावध असावे. बाळ 'घसा आवळतोय' असे सांगू शकत नाही. शिवाय पाच वर्षांखालील मुलांना भीतीने घेरी येणे विरळाच. म्हणून लस टोचल्यावर बाळ एकाएकी मलूल पडले, रडणे घोगरे झाले, श्वास घेताना आवाज येऊ लागला, पुन्हापुन्हा ओकू लागले, अंगावर चट्टे उठले, तर 'झोप आली असेल' असे समजू नये. तत्क्षणी सिस्टरला हाक मारावी.

अशा वेळी काय करावे?

रोग्याला आडवे निजवून पाय उंच करावेत. फार धाप लागत असेल तर बसते करावे. ओकत असेल तर कुशीवर वळवावे. त्याला उठवू नये, चालवू नये. माझा रोगी दोन पावले चालला आणि कोसळला, हे मी विसरलेलो नाही. तोंडात पाणी, चहा, औषध काही घालू नये. लस देणाऱ्या सिस्टरजवळ अॅनाफिलॅक्सिसची पेटी असते. तीत अॅड्रेनालिनच्या कुप्या, सिरिंज, वयानुसार मात्रेचा तक्ता आणि जवळच्या डॉक्टरांचे व रुग्णालयाचे क्रमांक असतात. डॉक्टर येईपर्यंत अॅड्रेनालिनचा पहिला डोस देण्याची मुभा सरकारने सिस्टरना दिलेली आहे. तिने सुई हातात घेतली तर नातेवाइकांनी तिला अडवू नये. दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन करावा. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा डोस लागू शकतो. बरे वाटले तरी काही तास रुग्णालयात राहावे, कारण काही वेळा त्रास पुन्हा उलटतो.

हे किती वेळा घडते?

अमेरिकेत २००९ ते २०११ या काळातील सुमारे अडीच कोटी डोसांचा अभ्यास झाला. त्यात अॅनाफिलॅक्सिसचे ३३ रोगी आढळले, म्हणजे १० लाख डोसांमागे साधारण १.३. त्यांतला एकही दगावला नाही. एखादी सिस्टर दर आठवड्याला १०० इंजेक्शने देत असेल, तर १० लाख पुरी करायला तिला १९२ वर्षे लागतील. त्याच अभ्यासात काहींना त्रास दोन-चार तासांनी सुरू झाल्याचे दिसले. म्हणून घरी गेल्यावरही त्या दिवशी बाळाकडे लक्ष असावे.

कोविडच्या वेळी हे प्रमाण थोडे जास्त दिसले. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेत फायझरच्या लशीचे सुमारे १९ लाख पहिले डोस दिल्यावर २१ जणांना अॅनाफिलॅक्सिस झाली. त्यांपैकी १५ जणांना पहिल्या १५ मिनिटांत आणि १८ जणांना पहिल्या अर्ध्या तासात. आपल्याकडे लस घेतल्यावर अर्धा तास खुर्चीवर बसवत होते, ते आठवत असेल. त्याचे कारण हेच. आपल्या देशात कोविड लशीनंतर अॅनाफिलॅक्सिसने एक मृत्यू झाल्याचे राष्ट्रीय समितीने २०२१ साली मान्य केले, हेही सांगितले पाहिजे. धोका शून्य आहे असे कुठलाही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. तो अत्यंत विरळ आहे, वेळेवर ओळखला तर त्यावर औषध आहे, आणि ते औषध बाकापासून दहा पावलांवर असते, इतकेच मी म्हणतो. घटसर्प, डांग्या खोकला, गोवर यांच्यापासून लशीवाचून राहिलेल्या पोराला असे दहा पावलांवर काही मिळत नाही.

लस घेण्यापूर्वी एक गोष्ट आठवणीने सांगावी. पूर्वी कोणत्याही लशीनंतर, औषधानंतर किंवा खाण्यानंतर श्वास कोंडणे, चेहरा सुजणे, बेशुद्ध पडणे असे झाले आहे का? ज्या लशीने झाले, ती तज्ज्ञांच्या सल्ल्याशिवाय पुन्हा घ्यायची नाही. पण बाकीच्या लशी बंद करण्याचे कारण नसते. सर्दी-पडसे, घरात कुणाला दमा, अंड्याचे वावडे, एवढ्यासाठी गोवराची लस टाळू नये. आणि मोठ्या मुलांना उपाशीपोटी लशीला पाठवू नये.

असो. त्या आजीबाईंची दोनची एस.टी. गेलीच. अडीचच्या सुमारास मी बाहेर डोकावलो तेव्हा बाळ सुनेच्या मांडीवर दूध पीत होते, आणि आजीबाई सिस्टरने आणून दिलेला चहा घेत बाकावर बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "काही झालं नाही बघा डॉक्टर, उगाच बसवलं."

मी म्हणालो, "आजी, पुढच्या डोसालाही असंच उगाच बसा."